एटीएममधला ‘टी’ : ‘टेल’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ

एटीएमचं पूर्ण नाव विचारलं तर बरेच जण ‘एनी टाइम मनी’ असं सांगून मोकळे होतात. कधीही पैसे मिळतात, त्यामुळे ते पटतंही. खरं नाव आहे ऑटोमेटेड टेलर मशीन. यातला टेलर कपडे शिवणारा नव्हे. बँकेत काचेच्या खिडकीमागे बसून जो नोटा मोजून घेतो आणि मोजून देतो, त्याला इंग्रजीत टेलर म्हणतात. 27 जून 1967 रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेने भिंतीतून पैसे देणारं यंत्र सुरू केलं. भारतात असं यंत्र 1987 मध्ये मुंबईत एचएसबीसीने आणलं. खिडकीमागच्या माणसाचं काम यंत्राकडे गेलं आणि त्याच्यासोबत त्याचं नावही गेलं.

पण टेल म्हणजे सांगणे, असं आपण शाळेत शिकलो. त्या हिशेबाने टेलर म्हणजे सांगणारा व्हायला हवा. नोटा मोजणाऱ्या माणसाला सांगणारा का म्हणायचं?

कारण ‘टेल’चा जुना अर्थच मोजणे हा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘टेलान’ असं क्रियापद होतं आणि त्याचे अर्थ मोजणे, हिशेब करणे, अमुक गोष्टीत धरणे, आणि मग एकेक करून सांगणे असे होते. इंग्रजीच्या बहिणी म्हणाव्यात अशा भाषांत हे अजून स्पष्ट दिसतं. डच भाषेत ‘टेलेन’ म्हणजे मोजणे आणि ‘फेर्टेलेन’ म्हणजे गोष्ट सांगणे. जर्मनमध्ये ‘त्सेलेन’ म्हणजे मोजणे, ‘एर्त्सेलेन’ म्हणजे कथा सांगणे. तिथे मोजणं आणि सांगणं शेजारी शेजारी राहतात. इंग्रजीत सांगण्याने सगळं घर व्यापलं आणि मोजणं कोपऱ्याकोपऱ्यांत उरलं. ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतविभागणी झाली की दोन्ही बाजूंचे मिळून चार सदस्य मतं मोजतात. त्यांनाही टेलरच म्हणतात.

1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये हा जुना अर्थ ठसठशीत दिसतो. देव अब्राहामाला आकाशाकडे बघायला लावतो आणि म्हणतो, ‘टेल द स्टार्स’. तारे मोज, मोजता येत असतील तर. आजचा वाचक ‘ताऱ्यांना सांग’ असं समजून गोंधळून जाईल. त्याच बायबलमध्ये इजिप्तचा राजा गुलामांकडून विटा पाडून घेतो. विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद करतो, पण विटांची ‘टेल’ पूर्वीइतकीच भरली पाहिजे, असं बजावतो. हे ‘टेल’ म्हणजे कथा या अर्थाचं नाम, जे देवनागरीत आपण क्रियापदासारखंच लिहितो पण म्हणताना ‘ए’ लांबवतो. इथे मात्र त्याचा अर्थ कथा नाही, नग आहे. रोजच्या विटांचा नग भरलाच पाहिजे.

मोजणारं क्रियापद सांगणारं कसं झालं, हे कळायला फार लांब जावं लागत नाही. संध्याकाळी गोठ्यात परतलेली गुरं मालक मोजतो तेव्हा तो काय करतो? एकेक समोर आणतो, क्रम लावतो, काही सुटलं नाही ना ते बघतो. घडलेली हकिगत सांगणारा माणूस तेच करतो. ‘पहिल्यापासून सांग, काही गाळू नकोस’ असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर मोजूनच मागत असतो. एखाद्याने तक्रारींचा पाढा वाचला, असं मराठीत सहज येतं. पाढा हा आकड्यांचा असतो, आणि इथे तो सांगण्यासाठी वापरलाय. मोजकं बोलणारा माणूस, हीही मोजण्याचीच भाषा.

याहून पक्का दाखला आपण रोज वापरत असलेल्या दोन शब्दांत आहे: संख्या आणि आख्यान. दोन्हींच्या पोटात संस्कृतचा ‘ख्या’ हाच धातू आहे, ज्याचा अर्थ सांगणे, नाव घेणे, जाहीर करणे. ख्याती, प्रख्यात, व्याख्यान, व्याख्या हे सगळे त्याच घरातले. ‘सम्’ लागला की मोजदाद होते आणि ‘आ’ लागला की कथा. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान लावतात, आणि गणिताच्या पुस्तकात पहिलं प्रकरण संख्यांचं असतं, आणि दोन्ही शब्द सख्खे भाऊ आहेत, हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा कितीतरी वेळ मी त्यातच होतो. स्पॅनिशमध्येही ‘कोंतार’ हे एकच क्रियापद मोजण्यालाही चालतं आणि गोष्ट सांगण्यालाही. त्यातून गोष्टीला ‘क्वेंतो’ आणि हॉटेलच्या बिलाला ‘क्वेंता’ म्हणतात. इतक्या दूरदूरच्या भाषांना हे वेगवेगळं सुचलं, म्हणजे माणसाच्या डोक्यात या दोन गोष्टी मुळातच जवळ असाव्यात.

हा जुना अर्थ हाताशी असला की इंग्रजीतले काही हट्टी वाटणारे प्रयोग उलगडतात. ‘अनटोल्ड वेल्थ’ म्हणजे न सांगितलेली संपत्ती नव्हे, न मोजलेली. आपला ‘असंख्य’ हा शब्द घटकाघटकाने याच्याशी जुळतो. ‘वी वेअर ट्वेल्व्ह, ऑल टोल्ड’ म्हणजे सगळे धरून आम्ही बाराजण होतो. जपमाळ ओढण्यालाही जुन्या इंग्रजीत ‘टेल’ आहे, कारण मणी एकेक करून मोजायचे असतात. एखादा युक्तिवाद ‘टेलिंग’ आहे असं म्हणतात तेव्हा तो जमेस धरावाच लागेल, त्याचा भार पडतो, असं म्हणायचं असतं. ‘द लाँग अवर्स आर टेलिंग ऑन हिम’ म्हणजे जास्तीच्या कामाचे तास त्याच्या अंगावर दिसायला लागलेत, त्यांची मोजणी शरीराने ठेवली आहे.

इथे दोन फसवे नातेवाईक बाजूला काढतो. दुकानाच्या हिशेबात वापरतात तो ‘टॅली’ शब्द अर्थाने अगदी या कुळातला वाटतो, पण नाही. तो लॅटिनमधल्या काठीच्या शब्दावरून आला. हिशेबासाठी काठीवर खाचा पाडायचे, ती टॅली. गंमत म्हणजे शिवणारा टेलर, म्हणजे कापडाला कात्री लावणारा, हा त्या टॅलीच्या कुळातला आहे आणि बँकेतल्या टेलरशी त्याचं काही नातं नाही. आणि टेलिफोन, टेलिव्हिजनमधलं ‘टेलि’ हे ग्रीक, अर्थ दूर. त्याचाही सांगण्याशी संबंध नाही.

आता रोजच्या वापराकडे येतो, कारण मराठी माणसाचं अडतं ते तिथे.

माझ्या वेळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं, आता 2000 सालापासून ते पहिलीपासून आहे. वर्ष बदललं, पण एक चूक पिढ्यान्‌पिढ्या तशीच उतरत आली: ‘ही सेड मी’. माझ्याही वहीत तिच्याभोवती लाल गोल असायचा आणि शेजारी ‘टोल्ड’ लिहिलेलं असायचं. का, ते कुणी सांगत नसे. मुलं ते पाठ करत, आणि पुढच्या वाक्यात उलटी चूक करत: ‘ही टोल्ड टू मी’, किंवा ‘ही टोल्ड दॅट ही इज बिझी’.

या चुकांमागे आळस नाही, मराठीचं व्याकरण आहे. ‘तो मला म्हणाला’ आणि ‘त्याने मला सांगितलं’, दोन्हीकडे ‘मला’ आहे. मराठीत ऐकणाऱ्याला ‘ला’ लावला की तो कुठल्याही बोलण्याच्या क्रियापदाजवळ निवांत बसतो. मग इंग्रजीत ‘से’ आणि ‘टेल’ यांनी त्याच्याशी वेगळं का वागावं, हे आपल्या कानाला कळतच नाही.

इंग्रजीलाही पूर्वी असा ‘ला’ होता. नाम-सर्वनामांना प्रत्यय लागत, आणि तेव्हा ‘से’च्या पूर्वजालाही ऐकणारा थेट जोडता येई. त्या काळच्या संवादांत ‘सागा मे’ असा प्रयोग येतो: मला सांग. शब्दशः बघितलं तर आजच्या भाषेत ते ‘से मी’ होईल, म्हणजे आपली ती चूक. दहाव्या शतकातल्या इंग्रजी कोड्यांच्या शेवटी कोडंच विचारतं, ‘सागा, मला काय म्हणतात?’ आपल्या ‘सांग’शी त्या शब्दाचा आवाज जुळतो तो योगायोग, नातं काही नाही. पुढे इंग्रजीचे बहुतेक प्रत्यय झिजून गेले. प्रत्यय गेले की ऐकणारा कोण हे दाखवायचे दोनच मार्ग उरतात: क्रियापदाच्या लगेच पुढे त्याला बसवायचं, नाहीतर ‘टू’ हा शब्द लावायचा. ‘टेल’ने पहिला मार्ग धरला, ‘से’ने दुसरा. म्हणून ‘टोल्ड मी’ पण ‘सेड टू मी’.

लक्षात ठेवायला मी सांगावा हा शब्द वापरतो. सांगावा कुणाला तरी धाडायचा असतो. कुणाला, हे नसेल तर सांगावा निघतच नाही. ‘टेल’ म्हणजे सांगावा: त्याच्या लगेच पुढे ऐकणारा हवाच. ‘ही टोल्ड दॅट’ इंग्रजांच्या कानाला अर्धवट वाटतं ते यामुळे. कुणाला टोल्ड? ‘से’ला अशी गरज नाही. तोंडातून शब्द निघाले, एवढ्यावर त्याचं काम भागतं. कुणी ऐकले, कुणी नाही ऐकले, तो प्रश्न पुढचा.

आणि हा फरक मराठीला नवा नाही. आपल्याकडे म्हणणे आणि सांगणे हे जवळजवळ याच रेषेवर वाटले गेले आहेत, आपण फक्त इंग्रजी शिकताना ते विसरतो. आपण काय काय म्हणतो ते बघा: अभंग म्हणतो, श्लोक म्हणतो, आरती म्हणतो, पाढे म्हणतो. शब्द ठरलेले असतात, ते उच्चारायचे. इंग्रजीतही प्रार्थना ‘से’ करतात, पाढेही ‘से’ करतात. आणि सांगतो काय? गोष्ट सांगतो, नाव-पत्ता सांगतो, भविष्य सांगतो, गुपित सांगतो. इथे शब्द कुठले हे महत्त्वाचं नाही, आत काय आहे ते दुसऱ्यापर्यंत पोचवायचं आहे. इंग्रजीत हे सगळं ‘टेल’कडे जातं. भविष्य सांगणारा तिथेही ‘फॉर्च्यून टेलर’च असतो. तेव्हा इंग्रजी वाक्य अडलं की आधी मनात मराठी वाक्य म्हणून बघावं. ‘म्हणाला’ येतंय की ‘सांगितलं’ येतंय? दहापैकी बहुतेक वेळा उत्तर मिळतं. मग ‘म्हणाला’ असेल आणि सोबत ‘मला’ही असेल, तर तेवढा ‘टू’ लावायचा.

जिथे हा नियम फसतो ती ठिकाणं थोडी आहेत, पण माहीत हवीत. आपण खोटं बोलतो, इंग्रज खोटं ‘टेल’ करतो. म्हणून ‘डोन्ट स्पीक लाइ’ हे मराठी तोंडातलं वाक्य ‘डोन्ट टेल लाइज’ असं हवं. खरं मात्र दोन्ही पद्धतींनी चालतं. आणि आधी सांगितलेल्या ऐकणाऱ्याच्या नियमालाही इथे सूट आहे: गोष्ट, विनोद, खरं, खोटं, फरक, वेळ या गोष्टी ‘टेल’च्या पुढे थेट येतात, ऐकणारा नसला तरी भागतं. या सगळ्या पूर्ण, गाठ मारलेल्या वस्तू आहेत, मोजून हातात द्याव्यात तशा. हे कारण माझं आहे, व्याकरणाच्या पुस्तकातलं नाही, पण मुलांना पटतं.

घड्याळाच्या बाबतीत एका छोट्या शब्दाने सगळा अर्थ फिरतो. ‘कॅन यू टेल मी द टाइम?’ म्हणजे किती वाजले सांगता का. ‘कॅन यू टेल द टाइम?’ म्हणजे तुला घड्याळ कळतं का. पहिलं वाक्य रस्त्यावर अनोळखी माणसाला विचारायचं, दुसरं पहिली-दुसरीतल्या मुलाला. ‘मी’ गळला की मोठ्या माणसाला त्याची अक्कल विचारल्यासारखं होतं.

दुसऱ्या वाक्यातलं ‘टेल’ म्हणजे ओळखणे, उमगणे. जुळ्या बहिणींमधली थोरली कोण हे ओळखता येत नाही, याला इंग्रजीत ‘आय कान्ट टेल’ म्हणतात. हा अर्थ शिकवताना शिक्षक ‘टेलचा दुसरा अर्थ ओळखणे’ असं फळ्यावर लिहितात आणि मुलांना वाटतं की हे काहीतरी परकं आहे. अजिबात नाही. ‘पाऊस पडेल का?’ ‘सांगता येत नाही.’ यात सांगायला तोंडाची अडचण आहे का? अडचण कळण्याची आहे. ‘कोण सांगावं, येईलही उद्या’ यातही तेच. ‘देअर इज नो टेलिंग’ म्हणजे आपलं ‘काही सांगता येत नाही’, तंतोतंत. ज्याला मोजता येतं त्याला वेगळं काढता येतं, आणि ज्याला वेगळं काढता येतं तोच सांगू शकतो, अशी ही साखळी आहे. दोन्ही भाषांत ती कायम आहे, फक्त मराठीत तिची एखादी कडी दिसेनाशी झाली आहे.

हुकमाचा अर्थही असाच दोन्हीकडे आहे. ‘टेल’च्या पुढे ऐकणारा आणि त्याच्यापुढे ‘टू’ लावून क्रिया आली की ती आज्ञा झाली. ‘द डॉक्टर टोल्ड मी टू रेस्ट’, डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली. ‘दॅट’ आलं तर फक्त माहिती: मी बरा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. आपला ‘-ायला’ आणि त्यांचा ‘टू’ इथे एकच काम करतात. सांगकाम्या हा शब्द कुणाला इंग्रजीत समजवायचा झाला तर त्याला जे ‘टोल्ड’ आहे तेवढंच करणारा, असं म्हणता येईल.

पण इथे एक काटा आहे, आणि ऑफिसात इंग्रजी लिहिणाऱ्यांना तो हमखास टोचतो. मराठीत ‘साहेबांना सही करायला सांगितलं’ यात उद्धटपणा नाही. सांगणं खालून वरही जातं. इंग्रजीत ‘आय टोल्ड माय बॉस टू साइन’ म्हटलं की हुकूम सोडल्यासारखं वाजतं. तिथे ‘आस्क्ड’ हवं. ग्राहकाला, वरिष्ठाला, अनोळखी माणसाला काही करायला लावायचं असेल तर ‘टेल’ टाळावं. मनात आदर असूनही एका क्रियापदामुळे पत्र उद्धट वाटलेलं मी पाहिलं आहे, आणि लिहिणाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की समोरचा का दुखावला.

ओरडा खाण्याचंही बघू. इंग्रजीत ‘टोल्ड ऑफ’ म्हणजे खडसावलं. हा प्रयोग पलटणीतून आला. तिथे ‘टेल ऑफ’ म्हणजे रांगेतले शिपाई मोजून एकेका कामावर वेगळे काढणे. पुढे तो रागावण्याकडे वळला. मराठीत याच कामाला ‘बोलणे’ लागतं: ‘आई मला खूप बोलली’, ‘साहेबांची बोलणी खाल्ली’. मुंबईत अलीकडे ‘तो मला बोलला की उद्या येतो’ असं सर्रास ऐकू येतं, त्यामुळे पुण्याच्या किंवा विदर्भातल्या माणसाला क्षणभर वाटतं की कुणीतरी कुणाला तरी झापलं. आपल्याच भाषेत बोलणे, म्हणणे आणि सांगणे यांच्या सीमा अशा हलतात. ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ या दोघांबद्दल इथे एवढंच पुरे की दोन्ही आपल्या ‘बोलणे’च्या बाजूचे आहेत. बोलण्याची क्रिया महत्त्वाची, मजकूर नव्हे. भाषा ‘स्पीक’ करतात, गप्पांना ‘टॉक’ म्हणतात.

एकाचे शब्द दुसऱ्याला कळवताना आणखी एक ठेच लागते. ‘तो म्हणाला की मी येतो’ हे शुद्ध, सुंदर मराठी वाक्य आहे. येणार कोण? तो. मराठी बोलणाऱ्याचा ‘मी’ जसाच्या तसा ठेवते, जणू त्याचा आवाजच पुढे देते. हे वाक्य इंग्रजीत तसंच उतरवलं की ‘ही टोल्ड मी दॅट आय अॅम कमिंग’ होतं आणि येणारा माणूसच बदलतो. आता येणार मी! लग्नाच्या, प्रवासाच्या, पैशाच्या बोलण्यात याने खराखुरा घोळ होऊ शकतो. ‘दॅट’ आलं की सगळं सांगणाऱ्याच्या जागेवरून बघायचं: त्याचा ‘मी’ आता ‘ही’ होतो आणि ‘विल’चं ‘वुड’ होतं. गाइडमधला ‘सेड टू असेल तर टोल्ड करा’ हा नियम बरोबर आहे, पण त्याच्यामागची गोष्ट ही की अवतरणचिन्हं गेली, शब्द गेले, आता फक्त मजकूर पोचवायचा आहे. म्हणणं संपलं, सांगणं सुरू झालं. आणि जिथे तंतोतंत शब्द द्यायचे असतील तिथे ‘सेड’च ठेवावं.

‘म्हणणे’ हे आपलं क्रियापद तसं ‘से’हून कितीतरी श्रीमंत आहे, हेही इथेच सांगून टाकतो. ते संस्कृत ‘भण्’वरून आलं आणि त्याने मराठीची अर्धी जोडकामं अंगावर घेतली: म्हणून, म्हणजे, म्हणे, आणि म्हणीसुद्धा. ‘पाचशे म्हणा’ हा अंदाज इंग्रजीत ‘से, फाइव्ह हंड्रेड’ असा जसाच्या तसा आहे. ‘तो परदेशात गेला म्हणे’ यातलं ‘म्हणे’ इंग्रजीला ‘दे से’ असे दोन शब्द खर्चून आणावं लागतं. पण ‘तब्येत काय म्हणते?’, ‘पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडे?’ याला ‘से’कडे उत्तर नाही. पावसाने काही म्हणावं आणि आपण ते एकमेकांना विचारावं, हे आपलंच आहे.

उद्गारांत मात्र दोन्ही भाषा कधी एकाच वाटेने जातात, कधी एकमेकींचे कपडे घालतात. ‘टू टेल यू द ट्रुथ’ म्हणजे खरं सांगायचं तर. ‘आय टोल्ड यू सो’ म्हणजे सांगितलं होतं ना! ‘यू आर टेलिंग मी!’ म्हणजे मला सांगतोस? ज्याने ते सगळं आधीच भोगलंय तो असं म्हणतो. पण आश्चर्याने आपण ‘काय सांगतेस!’ म्हणतो तिथे इंग्रज ‘यू डोन्ट से!’ म्हणतो. आणि ऐकीव माहितीला आपण सांगोवांगी म्हणतो, तर ते ‘हिअरसे’. दोन्हीकडे क्रियापदांनी जागा बदलल्या. भाषांतर करणाऱ्याने इथे सावध असावं. शब्दाला शब्द ठेवला की वाक्य मराठी राहत नाही.

‘टेल’चा भूतकाळ ‘टेल्ड’ का नाही, हा प्रश्न मुलं विचारतात आणि विचारावाच. ‘सेल’चा ‘सोल्ड’, ‘टेल’चा ‘टोल्ड’: ही एकाच साच्यातली जोडी आहे. मुळात दोन्ही शब्दांत ‘आ’सारखा स्वर होता. वर्तमानकाळात पुढच्या प्रत्ययात ‘य’सारखा ध्वनी होता, त्याने आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढून ‘ए’ केलं. भूतकाळात तो ध्वनी नव्हता, त्यामुळे जुना स्वर राहिला आणि पुढे ‘ओ’ झाला. म्हणजे बिघडलेलं रूप ‘टोल्ड’ नाही. जुन्या स्वराच्या जास्त जवळचं तेच आहे.

‘टेल’चं एक शेवटचं रूप राहिलं. चुगली करणाऱ्याला ‘टेलटेल’ म्हणतात. यातलं पहिलं टेल सांगणे, दुसरं लांब ‘ए’चं, कथा. ‘टेल ऑन’ म्हणजे दुसऱ्याचं गुपित वर जाऊन सांगणे. पत्त्यांच्या जुगारात खेळाडूच्या नकळत हातातला डाव उघड करणाऱ्या सवयीला, पापणीची फडफड म्हणा, बोटांची चाळवाचाळव म्हणा, नुसतं ‘टेल’ म्हणतात. माणूस गप्प असतो आणि अंग सांगतं. पण मला या कुळातला सगळ्यात आवडतो तो इमारतींचा टेलटेल. जुन्या इमारतीच्या भिंतीला तडा गेला की इंजिनिअर त्या तड्यावर काचेची एक अरुंद पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की बसवतो आणि शेजारी तारीख लिहून ठेवतो. मग काही दिवसांनी येऊन बघतो. काच अखंड असेल तर तडा जुना, भिंत थांबलेली. काच तडकली असेल तर भिंत अजून सरकते आहे.